चौकशीचा धर्म

आपल्या धर्मग्रामातील काही युवक-युवती समाजकार्याचे शिक्षण घेत आहेत. अभ्यासाचा भाग म्हणून डभोई-वाघोडियाकडील सरदार सरोवर विस्थापितांच्या वसाहतींत त्यांना प्रश्नावल्या घेऊन जावे लागते. त्यांच्या परिश्रमांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु ज्यांचे गाव पाण्याखाली गेले, त्यांना तेच ते प्रश्न आजवर किती जणांनी विचारले असतील, आणि त्या उत्तरांचे पुढे काय झाले हे सांगावयास कितीजण परतले असतील? म्हणून एका निराळ्या चौकशीची हकीकत येथे देत आहो.

कॅनडाच्या उत्तरेस मॅकेंझी नदीच्या खोऱ्यातून नैसर्गिक वायूची नळवाहिनी न्यावयाची होती. तिच्या परिणामांच्या चौकशीसाठी तेथील सरकारने १९७४ साली न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांना नेमले. तज्ज्ञांच्या साक्षी रीतसर झाल्याच. पण बर्जर स्वतः ३५ वस्त्यांत गेले. डेने, इन्युइट व मेटी लोक तेथे आपापल्या भाषेत बोलत व दुभाषी त्याचे भाषांतर करीत. बोलणाऱ्याचे बोलणे पुरे होईपर्यंत न्यायमूर्ती ऐकत बसत. असे सुमारे १,००० जण बोलले. नभोवाणीवरून वृत्तांत स्थानिक भाषांतही दिला जाई, त्यामुळे एका गावचे म्हणणे दुसऱ्या गावास कळे. कंपन्यांपाशी पैसा होताच. लोकांच्या संघटनांनाही आपली बाजू मांडण्यासाठी सरकारी साहाय्य मिळाले. डेने लोकांनी आपल्याच शिकाऱ्यांना विचारून त्यांच्या वाटांचे नकाशे काढले. परक्याला ओसाड वाटणारा तो मुलूख वाटांनी गजबजलेला निघाला!

आधी लोकांच्या भूमिहक्कांचा निर्णय करा, तोवर दहा वर्षे नळवाहिनी नको, असा अहवाल बर्जर यांनी १९७७ मध्ये दिला.

हेच बर्जर पुढे नर्मदेवर आले. जागतिक बँकेने १९९१ मध्ये नेमलेल्या समितीचे ब्रॅडफोर्ड मोर्स हे अध्यक्ष व बर्जर उपाध्यक्ष होते. तिन्ही राज्यांतील गावे हिंडून त्यांनी १९९२ मध्ये सांगितले की, त्या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन होणे शक्य नाही. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारे कित्येक आदिवासी कागदोपत्री 'अतिक्रमणदार' ठरले होते. ‘नावावर जमीन किती?’ एवढेच प्रश्नावलीत असेल, तर अशा माणसापुढे शून्यच लिहिले जाणार. आणि ते खोटे आहे, असेही कोणास म्हणता येणार नाही. संकट आहे ते हेच.

यरीहोच्या वाटेवरील आंधळ्याला काय हवे हे प्रभूला दिसत नव्हते काय? तरीही त्याने त्यालाच विचारले, आणि तो बोलेपर्यंत तो थांबला.

तेव्हा आमच्या युवकांनी घरधन्याची व घरधनिणीची अनुमती घेऊनच वही उघडावी. नको म्हणणाऱ्याकडे कारण मागू नये. अधिकारी शेजारी उभा असता प्रश्न विचारू नयेत. उत्तरे दिल्यास जमीन मिळेल अशी आशा तर चुकूनही लावू नये. आणि निबंध गुरुजनांच्या हाती दिला की काम आटोपले असे न मानता, त्यात काय लिहिले ते त्या लोकांना त्यांच्या बोलीत वाचून दाखविण्यासाठी पुन्हा एकदा डभोईची गाडी धरावी.