भोसरीत हीटर, मे महिन्यात

सकाळी ८.००

शटर वर केलं की आधी पत्र्याची झळ अंगावर येते. मे महिना, भोसरी, आणि दिवसभराचं काम काय, तर गाड्यांना हीटर बसवणं! शेजारच्या लेथवाल्या काकांची यावरची गंमत अजून ओसरलेली नाही. पण सप्टेंबरअखेर स्पितीला निघणारी गाडी आत्ताच हातात घ्यावी लागते. ऑगस्टमध्ये उगवणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सरळ पुढच्या मोसमाची तारीख देते.

बेंचवर लडाखहून परतलेल्या एका कॅम्परचा डिझेल हीटर खोलून ठेवलाय. दुसरीकडून बसवून घेतलेला, खोक्यावर ८ किलोवॅट छापलेला. आतला बर्नर बघितला तर ५ किलोवॅटच्या हीटरचाच. तक्रार नेहमीची: लेहमध्ये सुरुवातीला चालला, मग धूर काढून बंद पडला. मिस्त्रीनं ग्लो प्लगभोवतीची जाळी चिमट्यानं बाहेर काढली. बारीक विणीची तारेची जाळी असते ती. डिझेलचे थेंब तिच्यावर पसरतात आणि पेटतात. हिची वीण दिसतच नव्हती. काजळीचा कडक पोपडा, नखानं दाबला की कडकन तुटणारा.

कारण दोन. एक, हीटर गरजेपेक्षा मोठा. त्यामुळे तो रात्रभर मंद चालत राहिला, आणि मंद जळणाऱ्या डिझेलची काजळी धरते. दुसरं कारण उंची. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे हवा पुण्याच्या साधारण दोन-तृतीयांशच. डिझेल तेवढंच आणि हवा कमी, म्हणजे अर्धवट ज्वलन. हवेचा दाब ओळखून डिझेल कमी करणारे हीटर मिळतात, पण ती सोय खोक्यावर मोठ्या अक्षरात कुणी छापत नाही. लोक किलोवॅट वाचतात.

१०.३०

काका-काकू आले. दोघंही बँकेतून निवृत्त. ट्रॅव्हलर घेतलीय, आत पलंग आणि ओटा झालाय, आता ऊब आणि गरम पाणी एवढंच बाकी. काकांच्या हातात फाइल. फाइलमध्ये कॅटलॉगच्या छापील प्रती, आणि पिवळ्या मार्करनं रंगवलेला जर्मन बनावटीचा कॉम्बी: एकाच डब्यात हवा गरम करणारा हीटर आणि १० लिटरचा बॉयलर.

"एकदा बसवलं की डोक्याला ताप नाही," काका म्हणाले.

यंत्र उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण ते आखलंय युरोपातल्या सुट्टीसाठी. तिकडची माणसं गाडी कॅम्पसाइटवर लावून आठवडाभर तिथेच राहतात, आणि चढून चढून चढतात ती आल्प्सच्या घाटापर्यंत. आल्प्समधली सर्वात उंच पक्की खिंड, कोल द लिझराँ, २,७६४ मीटरवर आहे. काका-काकू मनालीहून कुंझुमवरून काझाला जाणार. कुंझुम साडेचार हजारांच्या वर. काझाच्या आधी लोसरला मुक्काम करायचा तरी चार हजार ओलांडलेले असतात. आल्प्सचा घाट जिथे संपतो तिथे यांचा झोपायचा मुक्काम सुरूसुद्धा झालेला नसतो.

"मग इलेक्ट्रिक गीझर? बॅटरी मोठी आहे आपली, लिथियम, २०० अँपिअर-आवर."

कागद पुढे ओढला. १५ लिटर पाणी १० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला ०.६ युनिट वीज लागते. त्यांची बॅटरी अडीच युनिटची. म्हणजे इन्व्हर्टरची गळती धरून एका माणसाच्या एका बादलीत पाव बॅटरी रिकामी. खोली गरम करायचं तर नावच नको. रात्रभर दीड-दोन किलोवॅट म्हटलं की बारा-पंधरा युनिटं. शिवाय २ किलोवॅटचा गीझर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १८० अँपिअरच्या आसपास ओढतो. तेवढ्या जाडीची केबल काकांना हातात धरायला दिली. काकूंनी ती वाकवून बघितली, वाकेना.

गॅसचा विषय काकूंनी काढला. घरात एक सिलिंडर जादा आहे म्हणे. घरगुती सिलिंडर गाडीत वापरायला कायद्यानं परवानगी नाही, हे एक. दुसरं, आपल्या एलपीजीत ब्यूटेन बरंच असतं आणि शून्य अंशाच्या आसपास ब्यूटेनची वाफ होणं थांबतं. सिलिंडर भरलेला, पण शेगडी मिणमिणती. आणि गॅस हवेपेक्षा जड. गळला तर तळाशी साठतो, आणि कॅम्परमध्ये पलंग तळापासून दोन फुटांवर. स्वयंपाकाला लहान सिलिंडर, तळाला भोक असलेल्या बंदिस्त कप्प्यात, ठीक. झोपताना गॅसवर काही पेटतं ठेवायचं नाही. दर हिवाळ्यात उत्तरेतून बंद खोलीत अंगीठी लावून झोपलेल्यांच्या बातम्या येतात. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. त्याचा अलार्म मी कोटेशनमध्ये आधी लिहिते, हीटर नंतर.

१२.००

आंघोळीचा मुद्दा बोलून सुटत नाही. शॉवर हवा असं पुरुष म्हणतात, बादली हवी असं बायका म्हणतात, आणि शेवटी सगळेच बादलीवर येतात. शेडच्या मागे नळाखाली मोजमापाची बादली ठेवलीय. काकांना म्हटलं, रोज घेता तेवढं पाणी भरा. त्यांनी १८ लिटर भरलं. काकूंनी १२.

मग आमची टाकी दाखवली. स्टीलची, १० लिटरची, भोवती पफचं जाड आवरण, आत तांब्याची कॉइल. गाडीच्या केबिन हीटरच्या होजमध्ये टी-जोड टाकून इंजिनाचं कूलंट या कॉइलमधून फिरवायचं. चालत्या इंजिनाचं कूलंट ऐंशी-नव्वद अंशांवर असतं. ही उष्णता एरवी रेडिएटरमधून रस्त्यावरच जाते. तास-दीड तास गाडी चालली की टाकीतलं पाणी ७५-८० अंशांवर. त्यात गार पाणी मिसळलं की १० लिटरचं सहज २० लिटर होतं, आणि आवरण चांगलं असेल तर रात्रीचं पाणी सकाळी अंगावर घेण्याजोगं राहतं. ना डिझेल, ना गॅस, ना बॅटरी. मिक्सिंग व्हॉल्व्ह मात्र हवाच, नाहीतर पहिला तांब्या पाठ सोलून काढेल. सेफ्टी व्हॉल्व्हही तसाच.

आपली माणसं एका जागी बसत नाहीत. रोज शंभर-दीडशे किलोमीटर जातातच, "एवढं आलोय तर तेही बघून घेऊ" म्हणत. अशा माणसाला पाणी तापवायला वेगळं काही जाळायची गरजच नाही. हे माझं मत मी सगळ्यांना ऐकवते, निम्मे ऐकतात.

काकांनी फाइल मिटली, पण बगलेतून सोडली नाही. "विचार करून कळवतो."

१.१५

डबा. वांग्याचं भरीत. पंखा गरम हवा फिरवतो.

२.००

दुसऱ्या गाडीत २ किलोवॅटचा हीटर बसतोय. सगळं काम एका भोकावर अडलेलं असतं: ड्रायव्हरमागच्या सीटखाली फ्लोअरला पाडायचं भोक. मिस्त्री खाली झोपून टकटक करतो, मी वर कान लावून बसते. चासीचा मेंबर चुकवायचा, ब्रेकची पाइप चुकवायची, डिझेल टाकीपासून लांब राहायचं. मग एक्झॉस्ट. तो गाडीच्या कडेपर्यंत न्यायचा, दरवाजाच्या पायरीखाली किंवा उघडणाऱ्या खिडकीखाली कधीच नाही. आणि हवा आत घेणारी नळी त्याच्यापासून दूर, नाहीतर हीटर स्वतःचाच धूर ओढत बसतो. जळणारी हवा बाहेरून येते, बाहेरच जाते. आतली हवा फक्त ॲल्युमिनियमच्या तापलेल्या पंखांवरून फिरते. या दोन हवा कधी भेटता कामा नयेत. जोडाजवळचं सील म्हणून मी स्वतः बसवते.

इंधन पंप रबरी क्लॅम्पमध्ये, तिरका. सरळ चासीला कसला तर रात्रभर टिक-टिक थेट उशीत ऐकू येते, आणि नवराबायकोचं भांडण आमच्या खात्यावर.

३.४५

आता चाचणी, आणि इथे मे महिना आडवा येतो. थर्मोस्टॅटला २० अंश हवेत, शेडमध्ये ३९. हीटर म्हणतो, मी कशाला पेटू? म्हणून पोऱ्याला कोपऱ्यावरच्या रसवंतीत पाठवून बर्फ आणवतो. सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बर्फाच्या ग्लासात. दोन मिनिटांत कंट्रोलरवर आकडा खाली येतो. ग्लो प्लगला सुरुवातीला १० अँपिअर लागतात, म्हणून वायरमन मीटर धरून बसतो. वायर बारीक असेल तर व्होल्टेज इथेच कोसळतं. मग पंखा, टिक-टिक, पांढरट धूर, आणि मिनिटभरात धूर साफ. पेटल्यावर दीड-दोन अँपिअरवर येतो. रात्रभराला दीड-दोन लिटर डिझेल. गाडीत बसलेला वायरमन घामानं निथळत अंगठा वर करतो.

मालकाला तीनच गोष्टी सांगितल्या. बंद करायचा तो बटणानं, बॅटरीचा स्विच ओढून नाही. आतला पंखा बर्नर थंड करून मगच थांबतो. दोन-तीन दिवसांतून एकदा अर्धा तास फुल चालवायचा, काजळी जळून जाते. आणि इकडचं डिझेल तिकडे न्यायचं नाही, थंडीत त्यात मेण धरतं. टाकी वरच भरायची. काझाचा पंप ३,७४० मीटरवर आहे, तो वाटेतच लागतो. लडाखसाठी तर २०१९ पासून उणे ३३ अंशांतही न गोठणारं वेगळं डिझेल मिळतं.

५.००

फोन. तारकर्लीला न्यायच्या गाडीत हीटर हवा, "असावा एक". नाही म्हणून सांगितलं. छताला पंखा बसवा, जाळी बसवा, खालच्या पत्र्याला गंजविरोधी रंग द्या. महाबळेश्वरच्या डिसेंबरलाही रजई पुरते.

६.१५

काका-काकूंचं कोटेशन लिहायला घेतलं. हीटर २ किलोवॅटचा, हवेचा दाब ओळखणारा. इंजिनवरची टाकी. अलार्म. छताचा व्हेंट, कारण दोन माणसं रात्रभरात अर्धा-पाऊण लिटर पाणी नुसत्या श्वासातून सोडतात आणि सकाळी ते काचेवरून गादीत उतरतं. शेवटी खिडक्या: ट्रॅव्हलरला काच भरपूर, उष्णता तिथूनच पळते. प्रत्येक खिडकीला मापाचं इन्सुलेटेड झाकण. बेरीज कॉम्बीपेक्षा बरीच खाली आली.

साडेसहाला पाठवलं, सातला फोन. काकू होत्या.

"यांचं अजून कॉम्बीकडेच लक्ष आहे, पण मी हो सांगते. ती टाकी ओट्याखाली बसवा, वर फळी टाका, माझे मसाल्याचे डबे राहतील."

"काकू, मसाले नको. खालून सतत ऊब लागणार, वास उडेल. ओले टॉवेल टाका तिथे."

"बरं, टॉवेल. मग मसाल्याला दुसरा कप्पा काढा. आणि खिडक्यांच्या झाकणांवर कापड मी देईन, तुमचं ते चंदेरी नको."

मिस्त्रीला हाक मारली: उद्या आधी त्यांच्या गाडीच्या हीटर होजचा व्यास मोजून घे. भोसरीत टी कुठेही मिळते. बरोबर मापाची शोधण्यात अर्धा दिवस जातो.