‘चुकून पोटात गेलं’ असे डॉक्टरांना सांगू नका

फवारणीच्या दिवसांत तालुक्याच्या दवाखान्यात एक वाक्य हमखास कानी पडते. माणूस खाटेवर, सलाईन चालू, आणि सोबत आलेला भाऊ किंवा चुलता सांगत असतो, “फवारताना औषध चुकून पोटात गेलं, साहेब.” कधी ते खरे असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कित्येक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. पण पुष्कळदा ते खरे नसते. सांगणाऱ्याला ठाऊक असते, खाटेवरच्याला ठाऊक असते आणि डॉक्टरांनाही अंदाज आलेला असतो. तरी कागदावर तेच उतरते. चार दिवसांनी माणूस घरी येतो, आणि ज्या कारणाने तो त्या बाटलीपाशी गेला ते कारण जागच्या जागी राहते.

विषय जड आहे, वाचकहो. पण तुमच्यापैकी अनेकांच्या भावकीत नाही तर शेजारी अशी गोष्ट घडून गेली असेल. तेव्हा तोंड फिरवून भागायचे नाही.

घरची माणसे खरे का लपवतात? अब्रू जाईल, मुलीच्या सोयरिकीत अडचण येईल, आणि मुख्य म्हणजे पोलीस! पूर्वी त्या भीतीला आधार होता. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड विधानाच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ती गोष्ट बदलली. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच कायदा आता धरून चालतो, त्याला शिक्षा करत नाही, आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतो. १ जुलै २०२४ पासून जुने दंड विधानही गेले आणि त्याबरोबर ते कलमही गेले. इस्पितळातून पोलिसांना कळवले जाते, जबाबही घेतला जातो. पण वाचलेल्या माणसाला तुरुंगात घालण्यासाठी तो जबाब नसतो, हे पक्के ध्यानात घ्या.

तर डॉक्टरांना खरे सांगा. कोणते औषध, किती वाजता, ते सांगा आणि बाटली किंवा पुडा सोबत न्या. जीव वाचवण्यासाठी ते आधी लागते. त्यानंतर माणूस शुद्धीवर आला की दुसरे काम सुरू होते, आणि ते आपल्या लोकांना फारसे माहीत नसते.

मानसोपचाराचे डॉक्टर येतात. सोबतच्या मंडळींना म्हणतात, “तुम्ही जरा चहा घेऊन या.” त्याचा राग मानू नका. सासू उशाशी बसलेली असताना सून काय बोलणार? बाप समोर असताना बारावीत नापास झालेला पोरगा काय बोलणार? एकांतात डॉक्टर हळूहळू विचारत जातात. झोप लागते का? जेवण जाते का? जगणे नकोसे वाटते का? मरण्याचे विचार येतात का? येतात तर कधीमधी की रोज? काही ठरवले होते का? आणि आता वाचलात, त्याचे काय वाटते?

या शेवटच्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. “बरं झालं वाचलो, पोरांचे तोंड दिसले,” असे म्हणणारा एक, आणि “कशाला आणलंत मला इथे?” म्हणून भिंतीकडे तोंड करणारा एक. दोघांच्या रक्ताचे रिपोर्ट सारखेच असू शकतात. दोघांची काळजी मात्र वेगवेगळी घ्यावी लागते.

अमेरिकेतले मानसोपचार तज्ज्ञ आरन बेक यांनी १९७४ साली सहकाऱ्यांसोबत एक प्रश्नावली तयार केली. तिचा गाभा असा, की शरीराला इजा किती झाली यावरून मनातला हेतू ठरवू नये. हेतू वेगळा तपासावा. त्या वेळी एकटा होता का? कुणाला सांगितले होते का? घरची व्यवस्था आधीपासून लावत होता का? की भांडणाच्या भरात घडले? आपल्या खेड्यांत तर हा फरक फारच मोलाचा. संतापाच्या दहा मिनिटांत, मरायचे पक्के नसतानाही माणूस हाताला येईल ते उचलतो, आणि शेतकऱ्याच्या घरात हाताला येते ते जीवघेणेच असते. शहरातला माणूस कदाचित वाचून दुसऱ्या दिवशी ओशाळतो. आपला माणूस तितका नशीबवान नसतो. उलट, थोडक्यात निभावले म्हणून “नाटक केलं, घाबरवायचं होतं” असे म्हणणारेही गावात निघतात. तसे म्हणू नये. ज्याने एकदा प्रयत्न केला त्याला पुढे धोका इतरांहून जास्त असतो, हे जगभरच्या डॉक्टरांचे पाहणे आहे.

काही मुले-मुली मरायचे मनात नसतानाही स्वतःच्या अंगावर जखमा करून घेतात. आतली घुसमट सहन होत नाही म्हणून ते घडते. डॉक्टर त्याची वेगळी नोंद घेतात, पण थट्टेवारी नेत नाहीत. तुम्हीही नेऊ नका.

मग घरच्यांची पाळी येते. दारू वाढली का? सोसायटीचे किंवा सावकाराचे देणे किती? घरात पूर्वी असे कुणी गेले आहे का? बाळंतपणानंतर ती गप्प गप्प राहते का? कानात आवाज येतात असे कधी म्हणाला का? हे पंचनाम्याचे प्रश्न नव्हेत. कर्ज असलेले हजारो आहेत, पण सगळे त्या वाटेला जात नाहीत. एखाद्याला त्या कर्जाच्या जोडीला मनाचा आजार जडलेला असतो, आणि तो औषधाने बरा होण्यासारखा असतो. घरच्यांनी “तसं काही नाही हो, सगळं चांगलं आहे” म्हटले, की डॉक्टरांची ती वाट बंद होते.

आणखी एक समज मनातून काढून टाका. विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, असे आपल्याकडे मानतात. तसे होत नाही. उलट विचारणारा भेटला म्हणून छातीवरचे ओझे उतरते. पोटच्या पोराला, भावाला, जावेला सरळ विचारावे: “तुझ्या मनात जिवाचं बरं-वाईट करायचं येतं का?” हो म्हणाला तर रागवायचे नाही, शपथा घालायच्या नाहीत, ऐकून घ्यायचे आणि त्याला एकटे सोडायचे नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढे विचारून डॉक्टर पुढचे भविष्य सांगू शकतात का? नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कोण जीव देईल आणि कोण देणार नाही हा अंदाज नाणे उडवण्याहून फारसा बरा नव्हता असे निघाले. म्हणून इंग्लंडमध्ये २०२२ साली डॉक्टरांना सूचनाच झाली, की नुसते गुण मोजून धोका ठरवू नका. मला ही कबुली आवडली. पावसाचा अंदाज चुकतो म्हणून आपण बांधबंदिस्ती सोडत नाही. डॉक्टरही भविष्य बाजूला ठेवून बंदोबस्ताला लागतात. कशाने मन बिघडते, बिघडू लागल्याची खूण काय, तेव्हा कुणाकडे जायचे, रात्री कुणाला उठवायचे, हे ते रोग्याबरोबर बसून लिहून काढतात. आणि घरच्यांना विचारतात, “घरात फवारणीचे काय काय आहे?”

या प्रश्नामागे मोठा अनुभव आहे. श्रीलंकेने १९९५ च्या सुमारास अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी घातली, पुढेही घालत गेले. २०१५ पर्यंत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. माणसे एका दिवसात सुखी झाली असे नव्हे. ती घटका निभावून गेली. त्याच देशात १८० गावांपैकी निम्म्या गावांत घरोघर कुलपाच्या पेट्या देऊन पाहिल्या, त्याने मात्र फरक पडला नाही. किल्ली घरातच राहते, हे कारण असावे. म्हणून लागेल तेवढेच औषध आणावे, उरलेले घरात साठवू नये. आणि घरात कुणी अशा अवस्थेत असेल तर काही दिवस ते विश्वासातल्या दुसऱ्या घरी, कुलपात ठेवावे.

घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक. चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी १८६७ रोग्यांवर एक प्रयोग झाला होता, त्याचा निकाल २००८ साली आला. निम्म्यांना तासभर समजावून सांगितले आणि पुढे दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा भेटून विचारपूस केली. बाकीच्यांना नेहमीचेच उपचार. नेहमीच्या उपचारांत शंभरात दोघांहून थोडे जास्त आत्महत्येने गेले. विचारपूस झालेल्यांत हजारात दोन. भारी औषध नाही, यंत्र नाही, नुसते “कसे आहात?”

तेव्हा डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख चुकवू नका. कापणी असो की लग्नसराई, एकाने तरी सोबत जावे, आणि बरे वाटले तरी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. गावच्या आशाताईंना विचारले तर त्या वार सांगतील. रात्री-अपरात्री कुणी जवळ नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येते. हा आकडा चुलीमागच्या भिंतीवर, जिथे दुधाचा हिशेब लिहिता तिथेच, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.