स्निग्ध आहार आणि भूक-नियंत्रण

भूक आणि तृप्ती यांचे नियंत्रण पचनसंस्था व मेंदू यांच्यातील संदेशवहनातून होते. हे संदेश काही अंशी संप्रेरकांद्वारे, तर काही अंशी चेतातंतूंद्वारे पोहोचतात. या व्यवस्थेला 'आतडे-मेंदू अक्ष' असे म्हणतात. अतिस्निग्ध आहार दीर्घकाळ घेतल्यास तृप्तीच्या संकेतांना मिळणारा प्रतिसाद मंदावतो, असे प्रामुख्याने उंदरांवरील प्रयोगांतून आढळले आहे. त्यामुळे वजनवाढीकडे केवळ संयमाचा अभाव म्हणून पाहण्याचा दृष्टिकोन अपुरा ठरतो.

== तृप्तीचे संकेत ==

अन्नामुळे जठराच्या भिंती ताणल्या जातात आणि हा ताण व्हेगस तंत्रिकेमार्फत मस्तिष्क स्तंभाला कळतो. पुढे स्निग्ध पदार्थ व प्रथिने लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात (ग्रहणीत) आली की तेथील पेशी कोलेसिस्टोकायनिन (सीसीके) हे संप्रेरक स्रवतात. त्याच्या प्रभावाने पित्ताशय आकुंचन पावते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि व्हेगस तंत्रिका उद्दीपित होऊन मेंदूला तृप्तीचा संकेत मिळतो. आतड्याच्या पुढील भागांत स्रवणारी जीएलपी-१ आणि पेप्टाइड वायवाय ही संप्रेरकेही भूक कमी करतात. याउलट, मुख्यतः जठरात तयार होणारे घ्रेलिन हे संप्रेरक भूक वाढवते. जेवणापूर्वी त्याची रक्तातील पातळी वाढते व जेवणानंतर उतरते.

हे संकेत प्रामुख्याने एकेका जेवणाशी निगडित असतात. शरीरातील मेदाच्या एकूण साठ्याची वार्ता लेप्टिन हे संप्रेरक मेंदूतील अधोथॅलॅमस या भागाला देते. ते मेदपेशींत तयार होते.

== संशोधनाचा इतिहास ==

आयव्ही व ओल्डबर्ग या अमेरिकी संशोधकांनी १९२८ मध्ये कोलेसिस्टोकायनिनचा शोध लावला. त्या वेळी ते केवळ पित्ताशयाशी संबंधित मानले जात होते. हे संप्रेरक टोचल्यास उंदीर कमी खातात, हे गिब्स, यंग व स्मिथ यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये लेप्टिनचे जनुक शोधले, तर १९९९ मध्ये कोजिमा व कांगावा या जपानी संशोधकांच्या गटाने घ्रेलिनचा शोध लावला.

== अतिस्निग्ध आहाराचे परिणाम ==

स्निग्ध पदार्थांमुळे सीसीके स्रवत असल्याने अशा आहाराने तृप्ती लवकर व्हावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात, अतिस्निग्ध आहाराची सवय झालेल्या उंदरांत सीसीकेच्या तेवढ्याच मात्रेने खाणे पूर्वीइतके कमी होत नाही. त्यांच्या व्हेगस तंत्रिकेचे तंतूही या संप्रेरकाला क्षीण प्रतिसाद देतात.

मस्तिष्क स्तंभातील ॲस्ट्रोसाइट नावाच्या ताराकृती पेशींचा यातील सहभाग अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडला. त्यांच्या प्रयोगांत अतिस्निग्ध आहार सुरू केल्यावर पहिले ३ ते ५ दिवस या पेशी सक्रिय होऊन उंदरांचे खाणे आवरते राहिले. सुमारे १० ते १४ दिवसांनंतर मात्र हा प्रतिसाद नाहीसा झाला.

अशा आहाराने उंदरांच्या अधोथॅलॅमसमध्ये दाह निर्माण होतो, असेही दिसून आले आहे. वजन वाढल्यावर रक्तात लेप्टिन भरपूर असूनही मेंदू त्याची पुरेशी दखल घेत नाही. या अवस्थेला 'लेप्टिन-रोध' म्हणतात.

== मानवातील निष्कर्ष ==

प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. १ ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर तेवढ्याच कर्बोदकांपासून किंवा प्रथिनांपासून सुमारे ४. त्यामुळे स्निग्ध अन्नातून अल्प प्रमाणातही अधिक ऊर्जा पोटात जाते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल यांच्या गटाने २०२१ मध्ये २० प्रौढांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अल्पस्निग्ध, वनस्पतिजन्य आहारावर असताना या व्यक्तींनी अल्पकर्बोदक, अतिस्निग्ध आहाराच्या तुलनेत दररोज सुमारे ७०० किलोकॅलरी कमी ग्रहण केल्या. तथापि, दोन आठवड्यांच्या अवधीत दोन्हींपैकी कोणत्याही आहाराने वजन वाढले नाही. म्हणजेच वजनवाढीचा संबंध केवळ स्निग्धतेशी नसून आहाराच्या एकूण स्वरूपाशी आहे.

ऑस्ट्रेलियात वजन घटवलेल्या व्यक्तींचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन उतरल्यावर त्यांच्या शरीरातील लेप्टिन घटले व घ्रेलिन वाढले. एक वर्षानंतरही हे बदल पूर्णतः पूर्ववत झाले नव्हते आणि भूकही अधिक राहिली होती. घटवलेले वजन टिकवणे कठीण का जाते, याचे एक कारण यातून स्पष्ट होते.

== उपचार ==

जन्मतः लेप्टिनचा अभाव असलेल्या दुर्मीळ रुग्णांना लेप्टिन दिल्यास भूक व वजन लक्षणीय प्रमाणात घटते. सर्वसामान्य स्थूलतेत मात्र, लेप्टिन-रोधामुळे, या उपचाराचा फारसा उपयोग होत नाही. जीएलपी-१ या संप्रेरकाप्रमाणे कार्य करणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधास अमेरिकेत २०२१ मध्ये वजन नियंत्रणासाठी मान्यता मिळाली. हे औषध थांबवल्यावर घटलेले वजन बहुतांशी पुन्हा वाढते. त्यामुळे स्थूलतेकडे दीर्घकालीन विकार म्हणून पाहिले जाते.