मूलपेशी संशोधन : बातमी आणि उपचार यांतील अंतर

नवी दिल्ली : मूलपेशींवरील, म्हणजेच स्टेम सेलवरील, नवे संशोधन जाहीर झाले की ती बातमी शास्त्रज्ञांइतक्याच आतुरतेने असाध्य आजाराशी झुंजणाऱ्या रुग्णांची कुटुंबेही वाचतात. मात्र प्रयोगशाळेतील निष्कर्ष आणि रुग्णालयातील उपचार यांत अनेक वर्षांचे अंतर असते. ते स्पष्ट न केल्यास कुटुंबे सिद्ध न झालेल्या उपचारांवर आयुष्यभराची बचत खर्च करण्याचा धोका असतो.

प्रयोगशाळेपासून रुग्णापर्यंत

मूलपेशी स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करतात, तसेच त्यांपासून विशिष्ट कार्य करणाऱ्या पेशीही घडतात. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या विकसित पेशींत चार जनुके घालून त्यांना पुन्हा मूलपेशींसारखे रूप दिले. २००७ मध्ये मानवी पेशींबाबतही हे साध्य झाले आणि २०१२ मध्ये यामानाका यांना जॉन गर्डन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा पेशींपासून तयार केलेला दृष्टिपटलाचा थर पहिल्या रुग्णाच्या डोळ्यात बसवला गेला तो २०१४ मध्ये, जपानमधील कोबे येथे. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत जनुकीय बदल आढळल्याने ते प्रत्यारोपण थांबवण्यात आले. नोबेलप्राप्त शोधालाही रुग्णापर्यंत पोहोचताना इतकी सावधगिरी बाळगावी लागते.

शोधाची पारख

नियतकालिकात प्रसिद्ध होण्यापूर्वी शोधनिबंध त्या विषयातील तज्ज्ञ तपासतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘बायोआर्काइव्ह’सारख्या संग्रहांत या परीक्षणाआधीच निबंध सर्वांना विनामूल्य उपलब्ध होतात. त्यामुळे माहिती लवकर पोहोचते. मात्र असा निबंध अंतिम निष्कर्ष मानता येत नाही.

परीक्षणानंतरही खरी कसोटी असते ती अन्य प्रयोगशाळांत तोच परिणाम मिळण्याची. जानेवारी २०१४ मध्ये ‘नेचर’ने प्रसिद्ध केलेल्या दोन जपानी निबंधांत, सौम्य आम्लात ठेवलेल्या साध्या पेशी मूलपेशींसारख्या होतात, असा दावा होता. इतरांना तो परिणाम मिळाला नाही, निबंधांतील त्रुटीही उघड झाल्या आणि जुलैमध्ये दोन्ही निबंध मागे घेण्यात आले. शास्त्रज्ञांनी आपले अपयशी प्रयोगही खुलेपणाने मांडल्यामुळे ही चूक काही महिन्यांतच लक्षात आली.

भारतातील नियम

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये प्रथम मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांच्या शीर्षकात ‘संशोधन आणि उपचार’ असे शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीत ‘उपचार’ हा शब्द हेतुपुरस्सर वगळण्यात आला. २०१७ च्या तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांसाठीचे मूलपेशी प्रत्यारोपण हा प्रस्थापित उपचार आहे. अन्य आजारांसाठी, औषध नियंत्रकांनी मान्यता दिलेली मोजकी उत्पादने वगळता, मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त मानवी चाचणीतच करता येतो.

वाचकांनी काय पाहावे?

प्रयोग पेशींवर झाला, प्राण्यांवर की माणसांवर, हा पहिला प्रश्न. किती रुग्णांवर झाला, तुलनेसाठी दुसरा गट होता का आणि रुग्णांवर किती काळ देखरेख ठेवली, हे त्यापुढील प्रश्न.

उपचाराचा प्रस्ताव समोर आल्यास चाचणीची नोंद तपासता येते. दिल्लीतून चालणारी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ ही नोंदवही २००७ पासून सर्वांसाठी विनामूल्य खुली आहे. मात्र नोंद असणे म्हणजे उपचार सिद्ध झाला असे नव्हे. एखादी गोष्ट तपासली जात आहे, एवढेच त्यातून कळते. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून प्रायोगिक उपचाराचे शुल्क मागितले जात असेल, तर तेथेच थांबून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा सल्ला घेणे हिताचे ठरते.