तुकडे पाडायचे, पण कुठे?

कोबोलचा जुना प्रोग्राम हातात आला की आम्ही मेंटेनन्सवाले आधी प्रोसिजर डिव्हिजनला जायचो आणि पॅराग्राफची नावं वाचत सुटायचो. १०००-इनिट, २०००-प्रोसेस, २१००-कॅल्क-एज. आकडे चढत्या क्रमाने असायचे, त्यामुळे 'परफॉर्म २१००' वाचलं की तो पॅराग्राफ वर असेल की खाली, हे लगेच कळायचं. एक पॅराग्राफ, एक काम. बघताना वाटायचं, छान तोडलंय.

ते तोडणं किती वरवरचं होतं, हे अंधेरीच्या सीप्झमध्ये वायटूकेचं, म्हणजे दोन आकडी सालं २००० साठी दुरुस्त करायचं, काम करताना कळलं. वय काढणारा पॅराग्राफ घ्या. चालू वर्षाच्या शेवटच्या दोन आकड्यांतून जन्मवर्षाचे दोन आकडे वजा करायचे आणि उत्तर दोन आकडी व्हेरिएबलमध्ये ठेवायचं. १९४० चा जन्म असेल तर १९९९ साली ५९ येतात, बरोबर. २००० साली मात्र शून्यातून चाळीस वजा. उत्तर उणे चाळीस, पण त्या व्हेरिएबलमध्ये चिन्ह ठेवायची सोयच नाही. उणे गळून पडतं आणि ४० उरतात. प्रोग्राम थांबत नाही, एरर देत नाही. साठीच्या माणसाला चाळिशीचा धरून पुढचा हिशोब करत राहतो.

दुरुस्ती अवघड नव्हती. एका ठरावीक आकड्याच्या खालचं साल २००० चं धरायचं, बाकीचं १९०० चं. पण ती किती जागी करायची? सगळी व्हेरिएबल वर्किंग-स्टोरेजमध्ये, म्हणजे कुठल्याही पॅराग्राफने वाचावीत, कुठल्याही पॅराग्राफने बदलावीत. हप्त्याचा पॅराग्राफ ते वर्ष थेट वाचायचा, नूतनीकरणाचा त्यात एक मिळवायचा, रिपोर्टचा त्यावरून क्रम लावायचा. वर्ष दोन आकडी आहे, ही गोष्ट सगळ्यांनीच गृहीत धरलेली. काही सिस्टिममध्ये मात्र तारखेचा हिशोब एका वेगळ्या सबप्रोग्राममध्ये असायचा आणि बाकीचे त्याला फक्त 'कॉल' करायचे. तिथे हिशोबाची दुरुस्ती एकाच जागी व्हायची. असा प्रोग्राम समोर आला की तो लिहिणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल मनापासून आदर वाटायचा.

डेव्हिड पार्नस यांनी १९७२ च्या लेखात नेमकं हेच मांडलं होतं. ओळींतले शब्द फिरवून वर्णानुक्रमे सूची करणारा छोटासा प्रोग्राम त्यांनी दोन तऱ्हांनी तोडून दाखवला. एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे: वाचणं, फिरवणं, क्रम लावणं, छापणं. दुसऱ्यांदा असा, की बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या आतच राहील. ओळी मेमरीत कशा ठेवायच्या हे बदललं, तर पहिल्या तऱ्हेत सगळ्यांना हात लावावा लागतो, दुसऱ्या तऱ्हेत एकालाच.

त्याआधी, केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर १९४९ पासून, तुकडे पाडण्यामागची गरज निराळी होती. तीच तीच गणितं पुन्हा लिहावी लागू नयेत म्हणून सबरुटीन कागदी टेपवर लायब्ररीत ठेवत. पण काम संपल्यावर परतायचं कुठे? मशीनमध्ये त्याची सोय नव्हती. डेव्हिड व्हीलर यांच्या युक्तीत सबरुटीन सुरू होतानाच परतीची आज्ञा तयार करून स्वतःच्या शेवटी लिहून ठेवायचं. मला ही युक्ती आजही थक्क करते.

आता परतीची काळजी भाषाच घेते आणि फंक्शनची व्हेरिएबल त्याच्यापुरती राहतात. माझ्या टीममधली मुलं पाच-सात ओळींची फंक्शन लिहितात आणि प्रत्येकाची वेगळी टेस्ट चालवतात. कोबोलच्या पॅराग्राफला असं एकट्याला काढून तपासणं आम्हाला जमायचं नाही, त्यामुळे मला याचं फार मोल वाटतं. तरी लहान म्हणजे चांगलं, हे मला पटत नाही. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या पॅकेजांच्या भांडारातून 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि ठिकठिकाणचे बिल्ड अडले. तुकडा इवलासा, पण त्यावर किती जण अवलंबून आहेत याचा अंदाज कोणालाच नव्हता.

म्हणून कोड रिव्ह्यूला बसले की मी फंक्शनच्या ओळी मोजत नाही. आत काय जातं आणि बाहेर काय येतं, ते आधी वाचते. मग विचारते, उद्या कराचा नियम बदलला तर यातल्या किती फायली उघडाव्या लागतील? तेच सात पॅरामीटर तीन फंक्शनमधून नुसते पुढे सरकवले जात असतील, तर ती तिन्ही पुन्हा एकत्र करायला सांगते. मुलं कुरकुरतात, पण करतात.