रेयॉनमधला ‘रे’ कुठला?

कल्याण सोडून कसाऱ्याकडे निघालेली लोकल पहिली थांबते ती शहाडला. इथे कुणी ‘सेंच्युरीत कामाला’ म्हणाला की पुढे विचारायला लागत नाही. सेंच्युरी रेयॉनचं नाव असं तोंडात बसलंय, पण त्यातल्या शब्दांविषयी समज मात्र भलतेच.

पहिला समज, रेयॉन हा नायलॉनचा भाऊ, तेलातून काढलेला. रेयॉन निघतं लाकडाच्या लगद्यातून. कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडच्या प्रक्रियेने लगद्याचा दाट, नारिंगी द्राव होतो. तो बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या द्रावणात सोडला की धागा धरतो. क्रॉस, बेव्हन आणि बीडल या इंग्रज रसायनज्ञांनी १८९२ साली याचं पेटंट घेतलं. त्या द्रावाचं नाव व्हिस्कोस. लॅटिनमध्ये ‘विस्कुम’ म्हणजे बांडगूळ, आणि त्याच्या फळांपासून केलेला, पाखरं धरायचा चिकट लेपही. आंब्यावरच्या बांडगुळाचं पिकलं फळ बोटांत चिरडून पाहा, नाव का पडलं ते कळेल.

‘नकली रेशीम’ हे नाव विक्रीला अडचणीचं, म्हणून १९२४ साली अमेरिकेत ‘रेयॉन’ शब्द पुढे आला. मालाला चकाकी होतीच. ‘रे’ म्हणजे किरण, हे ऐकून आपल्याकडचे उत्साही लोक लगेच संस्कृत ‘रश्मी’ काढतात. साम्य फक्त कानाला. ‘रे’ जुन्या फ्रेंचमधून आला, त्याचं मूळ लॅटिन ‘रादिउस’: आधी काठी, चाकाचा आरा, मग किरण. भूमितीतली रेडियस, रेडिओ, रेडियम ही सगळी त्याच घरची.

मग अख्खा शब्द लॅटिन? तेही नक्की नाही. काही कोशकार फ्रेंच ‘रेयों’, म्हणजे किरण, हेच मूळ मानतात; काहींच्या मते शेवटचा ‘ऑन’ कॉटनवरून उचललेला, आणि कॉटन तर अरबी ‘कुत्न’. नायलॉनचा ‘ऑन’ही याच रांगेतला. न्यूयॉर्क आणि लंडनच्या जोडगोळीतून ‘नायलॉन’ झालं, ही निव्वळ दंतकथा.

राहिली सेंच्युरी. लॅटिन ‘केंतुरिया’ म्हणजे शंभरांचा गट, रोमन सैन्यातली तुकडी. पुढे तिच्यात साधारण ऐंशीच शिपाई असत, नाव तेवढं शंभरीचं. ‘शंभर वर्षं’ हा अर्थ इंग्रजीत सतराव्या शतकात रुळला. तेव्हा मूळ अर्थाला कॅलेंडरपेक्षा क्रिकेटमधली सेंच्युरीच जवळची.