धामणीचे ताट

उसाच्या फडात तोड सुरू झाली की पाचटातून धामण निघतेच. करमाळा तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्याकडे, जेऊर-कंदरच्या पट्ट्यात, हे कुणाला नवीन नाही. सहा-सात फुटांचे ते पिवळसर तपकिरी अंग सरीतून सळसळत जाते, कोणी कोयता उगारतो, कोणी सर्पमित्राला फोन लावतो. साप पकडून बरणीत ठेवला की मग प्रश्न येतो, याला खायला काय द्यायचे? बहुतेक वेळा कुणीतरी दुधाची वाटी आणून ठेवतो.

दूध हे सापाचे अन्न नाही. ते पचवण्याची सोयच त्याच्या शरीरात नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर आलेला कोणताही द्रव पितो. ते दूध श्वासमार्गात गेले तर त्याला न्यूमोनिया होतो. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असे अजूनही ठामपणे सांगितले जाते. तिचे दात एकदा जवळून पाहावेत. ते सुईसारखे टोकदार आणि घशाकडे वळलेले असतात. अशा तोंडाने सड धरला तर म्हैस रक्तबंबाळ होईल. शिवाय ओठांनी चोखणे सापाला जमतच नाही.

मग धामण काय खाते? मुख्यतः उंदीर, शिवाय बेडूक, सरडे, पक्षी. तिला विष नाही, अजगरासारखी आवळण्याची कलाही नाही. ती भक्ष्य अंगाखाली दाबते आणि अख्खे गिळते. या ‘अख्खे’ शब्दात सापाच्या आहाराचे सगळे शास्त्र आहे. उंदराच्या हाडांतून तिला कॅल्शियम मिळते, काळजातून जीवनसत्त्व अ. नुसते मटणाचे तुकडे सापाला घातले तर त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. काही महिन्यांत हाडे ठिसूळ होतात.

धामण, नाग किंवा भारतीय अजगर पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मात्र बॉल पायथनसारखे परदेशी साप आता शहरांतल्या घरांत येऊ लागले आहेत. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ज्याने तो साप आणलाच आहे, त्याने तरी त्याला नीट जेवू घालावे. भक्ष्य सापाच्या सर्वांत जाड भागाएवढे असावे, आधीच मेलेले असावे. जिवंत उंदीर पिंजऱ्यात सोडला आणि सापाला भूक नसेल, तर उंदीरच सापाला कुरतडतो. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून द्यावा. मोठ्या अजगराला दोन-चार आठवड्यांतून एक जेवण पुरते. जेवल्यावर त्याला दोन दिवस हात लावू नये, नाहीतर तो खाल्लेले ओकून टाकतो. जागा उबदार नसेल तर पोटातले भक्ष्य पचण्याआधी सडते.

जेवणाचा हा सोहळा साधा नसतो. ब्रह्मी अजगरावरचा २००५ सालचा एक अभ्यास सांगतो की, भक्ष्य गिळल्यावर ४८ तासांत त्याच्या हृदयाचे वस्तुमान सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. पचन संपले की हृदय पुन्हा पूर्ववत होते. असे शरीर रोज खाण्यासाठी घडलेलेच नाही. कौतुकाने रोज भरवलेला साप लठ्ठ होतो, त्याच्या यकृतावर चरबी साठते.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे. शेतातला उंदीर फुकट मिळतो म्हणून तो सापाला देणे घातक ठरते. उसात झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडिओलोनसारखे उंदीरनाशक टाकलेले असते. ते खाल्लेल्या उंदरातून विष सापाच्या पोटात उतरते. फडातली धामण तर हा उंदीर स्वतःच धरते. उंदरांसाठी टाकलेल्या आमिषाने उंदीर खाणारीच मरावी, हे शेतकऱ्याचे थेट नुकसान आहे. आमिष टाकायचेच असेल तर ते बिळात टाकावे, मेलेले उंदीर रोज वेचून खोल पुरावेत.

आणि बरणीतल्या त्या धामणीला काहीच खायला देऊ नका. घाबरलेला साप खात नाही, आणि चार दिवस न खाल्ल्याने तो मरतही नाही. तिला सावलीत ठेवा, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. ती पुन्हा बांधावर गेली की आपले जेवण स्वतः शोधते.